गुन्हा घटला, की गुन्ह्याचा आकडा?

नवे वर्ष उजाडले की आपल्याकडील मोठ्या शहरांतून एक सोहळा नेमाने पार पडतो. पोलीस आयुक्तालयात वार्ताहरांना पाचारण करण्यात येते, गतवर्षातील गुन्ह्यांची कोष्टके त्यांच्या हाती दिली जातात, आणि घरफोड्या इतक्या टक्क्यांनी उतरल्या, जबरी चोऱ्यांची उकल तितक्या टक्क्यांनी चढली, असा जमाखर्च मांडला जातो. आकडा उतरला असेल तर सरकार स्वतःची पाठ थोपटून घेते. चढला असेल तर विरोधी पक्ष गृहमंत्र्यांचा राजीनामा मागतात. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हा आकडा आला कोठून? तो ज्या नोंदवहीतून उचलला ती वही कोणी लिहिली, आणि तीत काय लिहावे व काय वगळावे हे ठरविणाऱ्याचे स्वतःचे हित कशात गुंतले होते?

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हे. लोकलच्या गर्दीत ज्याचा मोबाईल खिशातून लांबविला गेला, आणि ठाण्यात गेल्यावर ‘चोरीला गेला असे कशाला लिहिता? गहाळ झाला असे लिहून द्या, दाखला लगेच मिळेल’ असा सल्ला ज्याने ऐकला, त्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. डोके फुटून आलेल्या माणसाच्या हाती अदखलपात्र गुन्ह्याची पावती ठेवून जेथे त्याला वाटेला लावले जाते, त्या ठाण्याच्या हद्दीत गंभीर दुखापतीचे गुन्हे कमी होणारच! तक्रारदार घरी गेला, गुन्हेगार मोकळा राहिला, आणि कोष्टकातील रकाना तेवढा स्वच्छ झाला. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे खरे. पण कोंबडे झाकणाऱ्याला शाबासकी आणि आरवू देणाऱ्याला बदली, असा रिवाज पडला तर झाकणाऱ्यांची वाण कधीच पडावयाची नाही.

यावरून आकडेच निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. आकड्यांच्या बळावर पोलीस कारभार किती सुधारता येतो आणि त्याच आकड्यांपायी तो किती बिघडू शकतो, या दोहोंचा धडा एकाच शहराने जगाला दिला आहे. ते शहर म्हणजे न्यूयॉर्क. १९९० साली त्या शहरात २,२०० हून अधिक खून झाले. म्हणजे दिवसाकाठी सरासरी सहा. भुयारी रेल्वेत रात्री पाऊल ठेवणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. पोलीस दल लहान नव्हते, आकडेही गोळा होत होते. परंतु ते गोळा होत ते मुख्यत्वे केंद्रीय तपास यंत्रणेच्या राष्ट्रीय अहवालासाठी, आणि तयार होईपर्यंत महिने उलटलेले असत. गेल्या आठवड्यात आपल्या हद्दीत कोणत्या चौकात किती वाटमाऱ्या झाल्या, हे ठाणेप्रमुखाने सांगावे अशी अपेक्षाच कोणी करीत नसे. गुन्हेगारी ही दारिद्र्यातून आणि समाजाच्या विस्कटलेल्या घडीतून उद्भवते, पोलीस तिला काय करणार, असा एक समजूतदार निरुत्साह वरपासून खालपर्यंत भिनला होता.

हा निरुत्साह मोडून काढण्याचे श्रेय पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन आणि त्यांचे उपायुक्त जॅक मेपल यांना दिले जाते. मेपल हे भुयारी रेल्वेच्या पोलिसांतून वर आलेले. तेथे असतानाच त्यांनी भिंतीवर लांबच लांब नकाशे चिकटवून प्रत्येक स्थानक आणि प्रत्येक गाडी त्यांवर रेखाटली होती, आणि जेथे लूट झाली तेथे रंगीत खडूने खूण करावयास सुरुवात केली होती. उकल झालेले गुन्हे कोणते आणि न झालेले कोणते, हेही त्यांवर दिसे. कल्पना इतकी साधी, की ती आधी कोणास सुचली नाही याचेच नवल वाटावे! महापौर रुडॉल्फ जुलियानी १९९४ साली अधिकारावर आले, त्यांनी ब्रॅटन यांस आयुक्त नेमले, आणि भिंतीवरचे हे नकाशे ‘कॉम्पस्टॅट’ या नावाने सगळ्या शहराच्या पोलीस कारभाराची पद्धत बनले.

या पद्धतीची सूत्रे चार. बिनचूक आणि ताजी माहिती. जेथे गुन्हा तेथे तातडीने बळ. प्रसंगाला साजेसे परिणामकारक डावपेच. आणि केलेल्या कामाचा अखंड पाठपुरावा. शहरातील पाऊणशेहून अधिक ठाण्यांचे आकडे दर आठवड्यास मुख्यालयात येऊ लागले. हा आठवडा, गेले अठ्ठावीस दिवस आणि वर्षारंभापासूनचा काळ, अशा तीन मापांनी ते आदल्या वर्षाशी ताडून पाहिले जाऊ लागले. मग भल्या सकाळी मुख्यालयात बैठक भरे. ठाणेप्रमुखाने उभे राहावयाचे, समोरच्या पडद्यावर त्याच्या हद्दीचा नकाशा उमटावयाचा, आणि वरिष्ठांनी विचारावयाचे: या कोपऱ्यावर तीन रात्रींत चार वाटमाऱ्या झाल्या, तुम्ही काय केलेत? गस्त कोणत्या वेळी होती? पकडलेल्या इसमाकडे पिस्तूल कोठून आले, याचा तपास कोणी केला? ज्यांना उत्तरे देता आली ते वर चढले. ज्यांना देता आली नाहीत अशा अनेकांना आपल्या खुर्च्या सोडाव्या लागल्या.

परिणाम डोळ्यांत भरण्याजोगे होते. १९९८ पर्यंत खुनांची वार्षिक संख्या साडेसहाशेच्या आत आली. १९९६ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या केनेडी संस्थेने शासकीय नवोपक्रमाचा पुरस्कार देऊन या पद्धतीचा गौरव केला, आणि देशोदेशींचे पोलीस अधिकारी ती पाहावयास न्यूयॉर्कला जाऊ लागले. प्रेत लपविणे सोपे नसते. खुनाचा आकडा आरोग्य खात्याच्या मृत्युनोंदींशी ताडून पाहता येतो. वाहनचोऱ्यांचा आकडा विमा कंपन्यांकडे आलेल्या दाव्यांशी ताडता येतो. फ्रँकलिन झिमरिंग या अभ्यासकाने अशा स्वतंत्र कसोट्या लावून पाहिल्या, तेव्हा त्या शहरातील घट मुळात खरीच आहे, असे त्यांना आढळले. ज्याचे माप त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे.

परंतु माप टाकताना तराजूचे दुसरे पारडेही पाहावे लागते. त्याच दशकात साऱ्या अमेरिकेतच गुन्हे उतरणीला लागले होते. १९९१ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे ९.८ असलेले खुनांचे प्रमाण २००० मध्ये ५.५ वर आले. सॅन दिएगोसारख्या शहराने पोलिसांची आणि वस्तीतील लोकांची सांगड घालण्याचा निराळाच मार्ग धरला होता. तेथेही गुन्हे झपाट्याने घटले. ‘क्रॅक’ या मादक द्रव्याची लाट ओसरली होती, रोजगार वाढला होता, आणि न्यूयॉर्कपुरते बोलावयाचे तर पोलिसांची भरती आधीचे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांच्याच काळात सुरू झाली होती. अनेक हातांनी ओढलेल्या रथाचे श्रेय एकाच घोड्याला देण्याची घाई राजकारण्यांना असते. कॉम्पस्टॅटच्या बाबतीतही ती झाली, आणि पुढच्या अनर्थाचे बीज तेथेच पडले.

कारण आकडा हा शोधाचे साधन न राहता परीक्षेचा निकाल झाला. पहिली काही वर्षे घट खरी होती. सुस्तावलेल्या यंत्रणेला हलविले की पहिले पीक भरघोस येते. पण दर वर्षी, दर आठवड्यास, गेल्या खेपेपेक्षा कमी आकडा दाखवीत राहावे अशी सक्ती झाली म्हणजे काय होते? त्या शहरात हजार डॉलरांवरील चोरी मोठी आणि त्याखालील किरकोळ गणली जाते; मोठी तेवढी मुख्य कोष्टकात येते. तेव्हा चोरीस गेलेल्या वस्तूची किंमत कमी लावून ती हजारांच्या आत बसविण्याची युक्ती निघाली. लुटलेली वस्तू ‘हरवली’ म्हणून लिहिली जाऊ लागली. आपल्या ठाण्यांतील ‘गहाळ’ या शब्दाचा हा सातासमुद्रापलीकडचा सख्खा भाऊच म्हणावयाचा!

हे आरोप कोणा माथेफिरूचे नव्हेत. जॉन इटर्नो आणि इलाय सिल्व्हरमन या दोन प्राध्यापकांनी निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना प्रश्नावली पाठविली, तेव्हा शंभराहून अधिक जणांनी आकड्यांच्या दडपणाखाली नोंदींत नीतिबाह्य फेरफार होत असल्याचे आपल्याला ठाऊक आहे, असे सांगितले. इटर्नो स्वतः त्याच दलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले. पुढे ब्रुकलिनमधील ८१ व्या ठाण्यातील एड्रियन स्कूलक्राफ्ट या शिपायाने वरिष्ठांची बोलणी गुप्तपणे ध्वनिमुद्रित केली. तक्रारी नोंदवू नका, अटका आणि दंडाच्या पावत्या मात्र वाढवा, अशी दुहेरी ताकीद त्यांत ऐकू येत होती. या शिपायाचे काय झाले? ३१ ऑक्टोबर १९०९ नव्हे, २००९ च्या रात्री, म्हणजे आपल्या सुधारलेल्या युगातच, त्याचे वरिष्ठ त्याच्या घरात शिरले, त्याला बळाने उचलून नेले आणि मनोरुग्णांच्या विभागात दाखल केले. सहा दिवस तो तेथे होता. २०१० साली खात्याच्याच अंतर्गत चौकशीत त्याच्या अनेक तक्रारी खऱ्या ठरल्या. हा अहवाल दोन वर्षांनी बाहेर फुटला. २०१५ साली शहराने सहा लक्ष डॉलर देऊन त्याचा दावा मिटविला. त्याआधी, २०११ मध्ये, आयुक्त रेमंड केली यांनी माजी सरकारी वकिलांची त्रिसदस्य समिती नेमली होती. चुकीच्या वर्गवारीचा काही गुन्ह्यांच्या आकड्यांवर लक्षणीय परिणाम झाला असावा, असा अभिप्राय तिने २०१३ साली दिला. ज्या तक्रारीचा कागदच झाला नाही तिची तपासणी कोणता तपासनीस करणार, ही खरी मेख आहे.

नको असलेला आकडा दडपला जात होता, तसा हवा असलेला आकडा फुगविलाही जात होता. बैठकीत ‘काय केलेत?’ या प्रश्नाला दाखविता येईल असे उत्तर हवे. ते रस्त्यावर अडवून झडती घेतलेल्या माणसांच्या संख्येतून मिळू लागले. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा लोकांना रस्त्यात अडविले. त्यांपैकी दहांत जवळजवळ नऊ जणांवर ना खटला झाला, ना त्यांना अटक झाली. आणि अडविलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाचे तरुण होते. १२ ऑगस्ट २०१३ रोजी न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीने राबविली गेली ती घटनाबाह्य ठरविली. आता शहर पुन्हा गुंडांच्या हाती जाईल, अशी भाकिते तेव्हा मोठमोठ्यांनी केली. झाले ते नेमके उलटे. झडत्यांची संख्या काही वर्षांतच पंचवीस हजारांच्या खाली आली, आणि २०१७ मध्ये खुनांची संख्या २९२ पर्यंत उतरली. लक्षावधी निरपराध माणसांचा अपमान ज्या सुरक्षिततेच्या नावाने केला गेला, ती सुरक्षितता त्या अपमानावर अवलंबून नव्हतीच, हे काळानेच सिद्ध केले.

हा रोग एकट्या न्यूयॉर्कचा नव्हे. लॉस एंजेलिसमध्ये एका वर्षात सुमारे बाराशे हिंसक गुन्हे किरकोळ म्हणून नोंदविले गेल्याचे २०१४ साली तेथील वृत्तपत्राने उघडकीस आणले. त्याच वर्षी इंग्लंड व वेल्समधील पोलीस दलांच्या सरकारी निरीक्षकांनी जाहीर केले, की पोलिसांपर्यंत पोचलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के, म्हणजे वर्षाला आठ लक्षांहून अधिक, नोंदवहीत चढतच नाहीत. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के आणि हिंसाचाराच्या गुन्ह्यांत ३३ टक्के होते. ज्या ब्रिटनने आपल्याला ठाणे, फिर्याद आणि रोजनामा शिकविला, त्याच्या घरची ही कथा!

यामागील न्याय आपल्या वाचकांना परका नाही. दहावीचा शंभर टक्के निकाल लागावा म्हणून कच्च्या मुलांना आधीच वाटेला लावणाऱ्या शाळा आपण पाहिल्या आहेत. पैसेवारी पन्नासच्या वर लागली की खाली, यावर दुष्काळाच्या सवलती ठरतात, आणि म्हणूनच ती कोणी व कशी काढली यावर गावोगाव वाद माजतात. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पन्नास वर्षांपूर्वी हाच अनुभव नियमाच्या रूपाने मांडला: एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय टांगावेत, तितका तो आकडा भ्रष्ट होतो आणि ज्या कामाचे मोजमाप करावयाचे ते कामही भ्रष्ट करतो. आपल्याच उत्तरपत्रिकेला गुण देण्याची मुभा विद्यार्थ्याला दिली, तर तो नापास कशाला होईल?

आता घरचे पाहू. गुन्हे न नोंदविण्याचा रोग आपल्याकडे इतका जुना आहे, की १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगालाही त्याची दखल घ्यावी लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात निःसंदिग्ध निर्णय दिला, की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली म्हणजे ती नोंदविलीच पाहिजे. त्यानंतर दिल्लीत काय घडले, हे मननीय आहे. २०१३ मध्ये भारतीय दंडविधानाखाली तेथे सुमारे ऐंशी हजार गुन्हे नोंदले गेले होते. २०१४ मध्ये ती संख्या दीड लक्षांवर गेली. एका वर्षात दिल्लीकर दुप्पट दुर्वृत्त झाले, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. खुद्द पोलिसांनीच सांगितले, की ही वाढ प्रामाणिक नोंदणीची आहे. मग आधीच्या वर्षांतील ती हजारो माणसे कोठे होती? ती होती; ठाण्याच्या दारात उभी होती. फक्त वहीत नव्हती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या वार्षिक अहवालात स्वच्छ बजावतो, की गुन्ह्यांची वाढ आणि गुन्हे नोंदणीची वाढ या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि आकडा चढला म्हणून पोलीस नालायक ठरत नाहीत. पण हा इशारा वाचतो कोण? मुंबई, पुणे, नागपूर यांचे आकडे त्या अहवालात इतर महानगरांच्या शेजारी छापले जातात, आणि दुसऱ्या दिवशी गुन्हेगारीत अमुक शहर पहिले, अशी शीर्षके झळकतात. येथे आम्हां वृत्तपत्रांनाही आपल्या पदराखाली पाहिले पाहिजे. ज्या ठाण्याने प्रामाणिकपणे शंभर फिर्यादी लिहून घेतल्या त्याला आम्ही गुन्ह्यांचे आगर म्हणतो, आणि ज्याने सत्तर परतवून लावल्या त्याला सुरक्षित विभाग म्हणून गौरवितो. शहाण्या फौजदाराने यापासून कोणता बोध घ्यावा?

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीचा वाद न घालता कोणत्याही ठाण्यात फिर्याद देण्याची आणि ती विद्युत माध्यमातून पाठविण्याची सोय केली आहे. सोय चांगली आहे. पण त्याच संहितेने तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मोकळीकही दिली आहे. ज्याच्या डोक्यावर आकड्याची तलवार टांगलेली आहे त्याच्या हाती अशी मोकळीक गेली, तर तिचा उपयोग चौकशीसाठी किती आणि टोलवाटोलवीसाठी किती, याची चिंता वाटल्यावाचून राहत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. नकाशे काढा, दर आठवड्यास काढा, आणि ठाण्यांच्या प्रमुखांना जाब विचारा. त्यात कसूर नको. पण जाब विचारावयाचा तो आकडा का चढला याचा नव्हे, तर चढल्यावर तुम्ही काय केलेत याचा. दुसरे असे, की ज्याची परीक्षा आकड्यावर होते त्याच्याच हाती आकड्याची अखेरची चावी ठेवू नका. ११२ या क्रमांकावर आलेले दूरध्वनी, सरकारी रुग्णालयांत नोंदलेल्या मारहाणीच्या जखमा आणि वाहनचोरीचे विम्याचे दावे, हे सर्व ठाण्याच्या वहीशी ताडून पाहणारा स्वतंत्र तपासनीस पोलीस दलाबाहेरचा असावा. तिसरे, अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंडात १९८२ पासून घरोघर जाऊन ‘गेल्या वर्षात तुमच्यावर गुन्हा घडला काय? तुम्ही तो पोलिसांना कळविलात काय? नसल्यास का नाही?’ अशी विचारणा नियमाने होते. आपल्या महानगरांत ती दर वर्षी झाली पाहिजे. पोलिसांचा आकडा आणि लोकांचा आकडा यांतील अंतर हेच पोलिसांवरील विश्वासाचे खरे माप होय. आणि चौथे, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाशसिंह खटल्यात ठाणेप्रमुखांना किमान दोन वर्षांची मुदत देण्याचा जो आदेश दिला, तो मनापासून पाळा. बदलीच्या भीतीने थरथरणाऱ्या हाताकडून खऱ्या नोंदीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

हे करावयाचे तर राज्यकर्त्यांना थोडे धैर्य लागेल. पहिल्या एक-दोन वर्षांत आकडे भडकतील, विरोधक टेबले बडवतील, आणि गृहमंत्र्यांना उभे राहून सांगावे लागेल, की गुन्हे वाढलेले नाहीत, आमचा खरेपणा वाढला आहे. असे म्हणणारा गृहमंत्री या राज्याला हवा आहे. आणि तसे कोणी म्हणाला, तर त्याची बाजू घेण्याची जबाबदारी आम्ही पत्करतो. कारण फिर्याद ही केवळ सांख्यिकीची नोंद नव्हे. लुटला गेलेला, मार खाल्लेला, अब्रूवर घाला पडलेला माणूस ज्या क्षणी ठाण्याची पायरी चढतो, त्या क्षणी तो या राज्याच्या कायद्यावर आपला विश्वास टाकीत असतो. त्याचे म्हणणे वहीत उतरले तरच तो विश्वास टिकतो. तो मागे फिरला, तर कोष्टकातील एक आकडा कमी होतो, आणि राज्यातील एक नागरिकही.